‘रिंगा रिंगा रोझेस’ हे खरोखर प्लेगचे गाणे आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेचार वर्षांची मुलगी शाळेतून ‘रिंगा रिंगा रोझेस’ शिकून आली आणि दिवसभर घरात गोल गोल फिरून शेवटच्या ओळीला धपकन खाली बसू लागली. त्याच आठवड्यात कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश आला की हे गाणे १६६५ सालच्या लंडनमधील प्लेगचे आहे: गुलाबाचे कडे म्हणजे रोग्याच्या अंगावर उठणारा लाल गोल चट्टा, खिशातली फुले म्हणजे दूषित हवा लागू नये म्हणून जवळ बाळगलेल्या सुगंधी वनस्पती, त्यानंतरची शिंक म्हणजे अखेरचे लक्षण आणि सगळ्यांचे खाली पडणे म्हणजे मरण. सासूबाईंनी ‘असले अशुभ गाणे घरात नको’ असे सांगितले. आता मुलीला थांबवावे का, आणि मुळात हे खरे आहे का, असे तिच्या आईने विचारले आहे.

पहिल्यांदा सरळ उत्तर देते. या गाण्याचा प्लेगशी संबंध दाखवणारा कोणताही जुना पुरावा नाही, आणि तो संबंध नसावा असे मानण्यास मात्र अनेक कारणे आहेत. पण एवढे सांगून थांबले, तर सासूबाईंचे समाधान होणार नाही आणि पुढचा असाच संदेश आला की आपण पुन्हा तिथेच येऊन उभ्या राहू. म्हणून हा निष्कर्ष कसा काढला जातो, ते थोडे विस्ताराने लिहिते.

मी सत्तावीस वर्षे महाविद्यालयात लोकसाहित्य शिकवले आणि त्या निमित्ताने बडबडगीते, खेळगाणी, भोंडल्याची गाणी गावोगाव ऐकून उतरवून घेतली. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे: नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत हीच प्लेगची कथा मी स्वतः वर्गात मोठ्या ऐटीत सांगत असे. बालगीतांच्या पोटात इतिहास कसा दडलेला असतो, याचे ते माझे हुकमी उदाहरण होते. एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “बाई, प्लेग १६६५चा, तर हे गाणे पहिल्यांदा कागदावर कधी उतरले?” उद्या सांगते, असे मी म्हणाले. तो ‘उद्या’ उजाडायला चार महिने लागले, कारण जी तारीख मी शोधत होते ती त्या शतकात नव्हती, त्याच्या पुढच्या शतकातही नव्हती.

मूळ अडचण अशी की या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. गाणे कोठून आले, हा एक. ते जिथून आले तिथला अर्थ आजच्या मुलाच्या तोंडी असलेल्या गाण्यात उरतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘प्लेगमधून’ असे निघाले असते, तरी दुसऱ्याचे उत्तर आपोआप ‘होय’ होत नाही. संदेश लिहिणारे पहिल्याचे उत्तर देतात आणि घरातली माणसे दुसऱ्याच्या उत्तराने घाबरतात.

आधी तारखा पाहू. इंग्लंडमध्ये हे गाणे पहिल्यांदा छापलेले सापडते ते १८८१ साली, केट ग्रीनअवे या चित्रकर्तीच्या ‘मदर गूज’ या सचित्र संग्रहात. अमेरिकेत त्याची खूण जरा आधी मिळते: अ‍ॅन स्टीव्हन्स यांच्या १८५५ सालच्या एका कादंबरीत मुले गोल धरून खेळताना गुलाबांच्या कड्याचे असेच एक गाणे म्हणतात. १८८३ साली विल्यम वेल्स न्यूएल या अमेरिकन संग्राहकाने मुलांच्या खेळांवरील आपल्या ग्रंथात लिहिले की मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड गावी हे गाणे १७९०च्या सुमारास म्हटले जात होते. मात्र त्या सालाला त्याने कागदोपत्री आधार दिलेला नाही. जर्मनीत याच्याशी जवळचे नाते असलेले ‘रिंगल रिंगल रायहे’ हे गाणे १८०८ साली लोकगीतांच्या एका प्रसिद्ध संग्रहात छापले गेले. त्यात तीन मुले झुडपाशी बसलेली आहेत, शेवटी एक निरर्थक आवाज आहे, आणि मग खाली बसायचे आहे. रोग कुठेही नाही.

म्हणजे लंडनचा प्लेग आणि ओळखू येण्याजोगा पहिला इंग्रजी पाठ (पाठ म्हणजे गाण्याचे नोंदवलेले एक रूप) यांच्यामध्ये १९० वर्षांचे अंतर पडते. दरम्यान कोणी काही लिहीतच नव्हते, असेही नाही. सॅम्युअल पीप्स प्लेगच्या काळात लंडनमध्येच होता आणि रोज दैनंदिनी लिहीत होता. ७ जून १६६५ रोजी ड्रुरी लेनमध्ये दारांवर लाल फुली आणि ‘देवा, आमच्यावर दया कर’ ही अक्षरे पाहून तो इतका अस्वस्थ झाला की हुंगण्यासाठी आणि चघळण्यासाठी त्याने तंबाखू विकत घेतली, हेही त्याने टिपून ठेवले आहे. शिवाय हा माणूस गाण्यांचा शौकीन होता. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या एकपानी छापील गाण्यांचा १,८००हून अधिक नगांचा त्याचा संग्रह आजही केंब्रिजमध्ये जपलेला आहे. डॅनियल डिफो या इंग्रज लेखकाने १७२२ साली त्या प्लेगवर आख्खे पुस्तक लिहिले, त्यात अफवा, ताईत, फेरीवाल्यांची औषधे, सगळे आले. १८४२ साली जेम्स हॅलिवेल याने इंग्लंडमधील बालगीतांचा संग्रह काढला. यांपैकी कोणाकडेही हे गाणे नाही.

येथे मला थोडे थांबून विरुद्ध बाजूचेही मांडले पाहिजे, कारण माझ्याच क्षेत्रातल्या अनुभवावरून वरचा युक्तिवाद एकटा पुरेसा नाही. तोंडी चालणारे गाणे कोणी छापले नाही, म्हणून ते नव्हतेच, असे म्हणता येत नाही. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या किती पिढ्या कागदाशिवाय जगल्या! मुलांच्या गाण्यांकडे तर शिकलेल्या माणसांचे लक्ष फार उशिरा गेले. तेव्हा १८५५पूर्वी हे गाणे शंभर वर्षे चालत आलेले असणे अगदी शक्य आहे, आणि कोणी तसे म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण प्लेगच्या कथेला गाणे जुने असणे एवढेच पुरत नाही. ज्या शब्दांवर ती उभी आहे, ते शब्दच जुने असावे लागतात. आणि खरी अडचण तिथेच आहे.

तोंडी गाण्याचा अभ्यास करणारा माणूस एका पाठावर कधीच अवलंबून राहत नाही. तो मिळतील तितके पाठ शेजारी शेजारी ठेवतो. जे सगळीकडे सापडते ते बहुधा जुने, आणि जे एखाद्याच मुलखात किंवा अलीकडेच दिसते ते बहुधा नंतर चिकटलेले, हा त्यातला साधा नियम. या गाण्याचे जुने पाठ असे ठेवून पाहिले की काय दिसते?

ग्रीनअवेच्या १८८१च्या पाठात शिंक नाही. तिथे तिसरी ओळ ‘हश! हश! हश! हश!’ अशी आहे, म्हणजे ‘गप्प, गप्प’, आणि मग सगळे गडगडून पडतात. न्यूएलने १७९०चा म्हणून दिलेल्या पाठात खिशाऐवजी फुलांनी भरलेली बाटली आहे आणि गावातल्या साऱ्या मुली छोट्या जोसीसाठी गोल धरतात; पडणे नाही, शिंकणे नाही. त्यानेच दिलेल्या दुसऱ्या एका पाठात जी सगळ्यांत शेवटी वाकेल तिने आपले सर्वांत जास्त प्रेम कोणावर आहे ते सांगायचे, असा दंड आहे. स्टीव्हन्स यांच्या कादंबरीतल्या पाठात फुले खिशात नाहीत, ओटीत आहेत, आणि मुले एकमेकांना ‘जागे व्हा, जागे व्हा’ म्हणून खेळायला बोलावतात. मृत्यूचे गाणे म्हणून वाचायचे ठरवले, तर या ओळींचे काय करायचे?

शिंक सापडते, नाही असे नाही. १८८३ साली इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातून नोंदवलेल्या पाठात ती आहे. पण तिथे खिशातली फुले एक जॅकला, एक जिमला आणि एक छोट्या मोझेसला वाटली जातात आणि त्यानंतर ‘अ-टिशा, अ-टिशा’ होते. फुले हुंगून शिंक आली, असा सरळ अर्थ तिथे लागतो. लागलाच पाहिजे असे मी म्हणत नाही. आणि ‘अ‍ॅशेस, अ‍ॅशेस’, म्हणजे राख, ही ओळ अमेरिकेतली. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काही संदेशांत ती प्लेगने मेलेल्यांच्या दहनाची राख म्हणून सांगितली जाते. लंडनमध्ये १६६५ साली मृतांना मोठमोठ्या खड्ड्यांत पुरत होते, जाळत नव्हते. आपल्याला दहनाची सवय असल्याने ही चूक आपल्या लक्षात पटकन येत नाही, एवढेच.

सर्व पाठांत समान असे काय उरते, तर गोल धरणे, गुलाब आणि त्याच्याशी यमक जुळणारे फुलांचे गुच्छ, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी खाली वाकणे, बसणे किंवा पडणे. काही पाठांत पडणेही नाही. तिथे मुली गुडघे किंचित वाकवून त्या काळच्या रीतीप्रमाणे अभिवादन करतात. खेळाचा जीव त्या वाकण्यात आहे. जो उशिरा वाकेल तो मध्यभागी जाणार किंवा त्याला दंड होणार, म्हणून सगळ्यांचे कान शेवटच्या ओळीकडे. आपल्याकडच्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही.

आता तुमच्या मुलीच्या गाण्याकडे येते. तुम्ही प्रश्नात लिहिले आहे की ती तिसरी ओळ ‘हुशा बुशा’ अशी म्हणते. महाराष्ट्रातल्याच नव्हे, देशभरातल्या असंख्य शाळांतली मुले तसेच म्हणतात, आणि कित्येक पालक ते चुकीचे इंग्रजी समजून मुलांना दुरुस्त करतात. कृपा करून दुरुस्त करू नका. ‘हुशा’ हा शब्द ग्रीनअवेच्या ‘हश’च्या आणि जर्मन गाण्यातल्या ‘हुश हुश’च्या किती जवळ आहे, ते पाहा. आपल्याकडे तो नेमका कोणत्या वाटेने आला याचा माग मी लावू शकलेले नाही, त्यामुळे ग्रीनअवेचाच पाठ इथे पोहोचला असे ठामपणे लिहिणार नाही. पण एवढे नक्की की आपल्या पाठात शिंक नाही, आणि जी कथा शिंकेच्या आधाराने उभी आहे ती इथे लावायला जागाच नाही. कोणी तरी शिंकेचा पाठ ‘मूळ’ धरला, त्याचा अर्थ लावला, आणि तो अर्थ आता ज्यात शिंकच नाही अशा गाण्यावर येऊन बसला आहे.

रोगाच्या बाजूनेही हे जुळत नाही. गाठीच्या प्लेगची ओळख म्हणजे जोराचा ताप आणि जांघेत किंवा काखेत येणारी दुखरी गाठ. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये खोकला येतो, रक्त पडते. शिंक हे यांपैकी कशाचेच ठळक लक्षण नाही, आणि गुलाबी रंगाचे गोल कडेही नाही. सुगंधी वनस्पती जवळ बाळगण्याची रीत मात्र खरी होती, कारण रोग दुर्गंधीतून पसरतो असा त्या काळचा समज होता. कथेतला हा एक तुकडा खरा असल्यामुळेच बाकीचे तुकडे खरे वाटतात. पण फुलांचा गुच्छ माणूस प्लेग नसतानाही जवळ ठेवतोच.

प्लेगची आठवण लोकांच्या तोंडी कशी उरते, हे पाहायला आपल्याला लंडनला जाण्याची गरज नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, पुढच्या वर्षी पुण्यात त्याने थैमान घातले. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. घरोघरच्या तपासणीच्या जाचातून उसळलेल्या संतापात २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. मी गाणी गोळा करायला फिरत असे तेव्हा त्या काळाच्या आठवणी आईवडिलांकडून ऐकलेली म्हातारी माणसे भेटत. त्यांच्या बोलण्यात तीन गोष्टी हटकून येत: घरात उंदीर पडू लागणे, काखेत गाठ येणे, आणि गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहणे. अगदी ठोस, ओबडधोबड तपशील; कोडे घातल्यासारखे काहीच नाही. एका वृद्ध बाईंनी मला प्लेगमध्ये गेलेल्या आपल्या आत्याबद्दल सांगताना ‘गाठ आली’ एवढेच म्हटले आणि पुढे काही बोलल्या नाहीत. ज्या समाजाने रोग पाहिला आहे त्याला तो गुलाबांत गुंडाळून सांगण्याची गरज वाटली असेल, हे मला पटत नाही. अर्थात हे माझे मत आहे, पुरावा नव्हे.

मग ही कथा आली कोठून? ती जुनी नाही, हाच सर्वांत बोलका मुद्दा आहे. १८८१पासून पुढे अनेक संग्राहकांनी हे गाणे नोंदवले. त्यांत अ‍ॅलिस गॉम यांच्यासारख्या विदुषी होत्या, ज्यांना मुलांच्या खेळांत प्राचीन विधींचे अवशेष शोधण्याची भारी हौस होती. ‘लंडन ब्रिज’च्या खेळामागे त्यांनी पुलाच्या पायात माणूस पुरण्याची प्रथा पाहिली. अशा बाईंनाही या गाण्यात प्लेग दिसला नाही. आयोना आणि पीटर ऑपी या दांपत्याने १९५१ साली बालगीतांचा जो प्रमाणभूत कोश केला त्यात हा तर्क येतो, आणि तोही शिंकणे व पडणे पाहून मूळ शोधू पाहणाऱ्यांनी काढलेला तर्क, अशा सुरात. १९६१ साली जेम्स लीसर यांच्या लंडनचा प्लेग आणि आग यांवरच्या लोकप्रिय पुस्तकाने तो घराघरात नेला. म्हणजे प्लेगनंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षे कोणालाही न सुचलेला अर्थ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पिढीला एकाएकी उघड दिसू लागला. ऑपी दांपत्याने पुढे १९८५ साली मुलांच्या गायनखेळांवरील ग्रंथात याची आणखी चिकित्सा केली, आणि ही कथा इतकी पसरली आहे की आता तीच एक लोककथा म्हणावी लागेल, अशा अर्थाचे म्हटले.

ते अक्षरशः खरे आहे. लोककथेला पाठभेद असतात, तसे याही कथेला आहेत. कोणी प्लेग १६६५चा सांगतो, कोणी चौदाव्या शतकातला ‘काळा मृत्यू’. गुलाबाचे कडे कोणाच्या मते चट्टा, कोणाच्या मते दारावरची लाल फुली, कोणाच्या मते जपमाळ. राख कोणाच्या मते प्रेतांची, कोणाच्या मते घरांची, आणि कोणाच्या मते ती राख नव्हेच, शिंकेचा अपभ्रंश. ज्या अर्थाचे इतके अर्थ आहेत, तो गाण्यातून निघालेला नसून गाण्यात घातलेला आहे, अशी शंका यायला हवी.

असा अर्थ घालणे किती सोपे असते, हे दाखवण्यासाठी मी वर्गात एक प्रयोग करत असे. फळ्यावर आपले ‘आपडी थापडी, गुळाची पापडी’ लिहायचे आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचे की हे १८७६ ते १८७८च्या दुष्काळाचे गाणे आहे. गुळाची पापडी हे भुकेल्या मुलाचे स्वप्न. ‘तेलंगीचे एकच पान’ म्हणजे तेलंगणाकडे गेलेल्यांच्या पानात एकच घास. ‘दोन हाती धरले कान’ ही देवापुढची क्षमायाचना. आणि ‘हंडा पाणी गडप’ हे तर सरळच आहे, विहिरी आटल्या! यातले दुष्काळाचे साल सोडले तर बाकी सर्व मी रिक्षात बसून रचलेले होते. तरीही दर वर्षी निम्मा वर्ग ते वहीत उतरवून घेई, आणि ही थाप आहे असे सांगितल्यावर काही जण चक्क हिरमुसत. एका मुलीने तर ‘पण बाई, ते बसतं की किती छान!’ अशी तक्रार केली होती. बसते, हे खरेच. प्रत्येक ओळीला एक लक्षण, असे कुलूप-किल्लीचे नाते दिसले की मन पुढचा पुरावा मागत नाही.

याचा अर्थ बालगीतांमागे कधीच इतिहास नसतो, असा मात्र घेऊ नका. तो गाण्यागणिक तपासावा लागतो, आणि कधी कधी तारीख एका क्षणात निकाल देते. ‘जॅक अँड जिल’ हे १७९३ साली फ्रान्सच्या राजाचे आणि नंतर राणीचे डोके उडवले गेले त्यावर आहे, असे सांगतात. ते गाणे १७६५च्या सुमाराच्या एका संग्रहातले आहे, तेव्हा तो प्रश्न तिथेच मिटतो. ‘हम्प्टी डम्प्टी’ म्हणजे १६४३च्या ग्लॉस्टरच्या वेढ्यातले एक युद्धयंत्र, ही कल्पना १९५६ साली एका प्राध्यापकाने मांडलेली आहे. ‘रिंगा रिंगा’चे प्रकरण यांच्या मधले आहे: तारखेने अशक्य ठरत नाही, पण पाठांच्या तुलनेने टिकत नाही. उद्या सतराव्या शतकातले एखादे हस्तलिखित निघाले आणि त्यात हे गाणे शिंकेसह व पडण्यासह सापडले, तर मी हे उत्तर बदलेन. तोपर्यंत नाही.

आता घरातला प्रश्न. सासूबाईंना काय सांगावे हे तुमच्या घरच्या रीतीवर अवलंबून आहे, आणि ते मी बाहेरून ठरवू शकत नाही. वडीलधाऱ्यांना तारखा आणि संग्रहांची नावे ऐकवली की वाद वाढतो, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा त्यांनाच विचारून पाहा की त्यांच्या लहानपणी गोल धरून कोणती गाणी म्हणत आणि शेवटी काय करत. भोंडल्याचा फेर त्यांनी नक्कीच धरला असेल. त्या गाण्यांत सासरचा छळ आहे, कारल्याचे बी पेरण्यापासून कारले खाण्यापर्यंत सुनेला माहेरी न सोडणारी सासू आहे; दुःख आहे आणि ते उघड आहे. तरी ती गाणी म्हणताना कोणाला अशुभ वाटले नाही, कारण हत्ती मांडून, फेर धरून, शेवटी खिरापत ओळखायची, हा त्या संध्याकाळचा अर्थ होता. गाण्याच्या शब्दांचा अर्थ आणि गाणे म्हणण्याचा अर्थ वेगळा असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार.

मुलीला थांबवण्याचे कारण मला दिसत नाही. साडेचार वर्षांच्या मुलीला प्लेगची कथा सांगून ‘ती खोटी आहे’ असे समजावण्याचीही गरज नाही. तिने अजून ती ऐकलेलीच नाही. ती मोठी होऊन दहाबारा वर्षांची झाली आणि कोणाकडून ऐकून आली, म्हणजे मात्र जरूर बोला. त्या वयाच्या मुलांना असली गूढ कथा फार आवडते, आणि ‘हे पहिल्यांदा कोणी, केव्हा लिहिले?’ हा प्रश्न विचारायला शिकवण्याची तीच वेळ असते. मूल या गाण्याने खरोखर घाबरत असेल, पडण्याचा खेळ त्याला नकोसा होत असेल, तर गोष्ट निराळी. मग इतिहास बाजूला ठेवून शेवटी पडण्याऐवजी टाळी वाजवावी. गाण्याचे काही बिघडत नाही, इतके पाठ झाले, त्यात आणखी एक.

जाता जाता माझे एक काम आहे. हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी हे गाणे १९८०च्या आधी शाळेत म्हटले असेल त्यांनी आपली तिसरी ओळ नेमकी कशी होती, गाव कोणते, साल साधारण कोणते आणि शेवटी बसत होता की पडत होता, हे खाली लिहावे. ‘हुशा बुशा’ सोडून दुसरे काही म्हणत असाल तर विशेष. चुकीचे वाटले तरी जसे आठवते तसेच लिहा, सुधारून नको.